जहाजाचं परसदार

समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही पेन्शनीत निघाल्यावर, आणि मला तो मुळीच आवडला नाही. नुसतं पाणी. मुलगा म्हणाला, "बाबा, ते बघा जहाज." बघितलं. काळं, लोखंडी, धूर सोडत चाललेलं. मी त्याला विचारलं, "याला शिडं कुठायत? आणि पलीकडच्या अंगाला दार आहे का?" मुलाला वाटलं म्हाताऱ्याला ऊन लागलं. जहाज म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं येतं ते समुद्रापासून शेकडो कोस लांब, केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या एका किराणा दुकानात फळीवर ठेवलेलं असतं. त्याच्या खाली राकेलचे डबे असतात आणि त्याच्या पुढं अप्पा बसलेले असतात.

अप्पा माझे घरमालक. मी नगरकडचा, तिकडं चार इयत्ता इंग्रजी शिकलेला, आणि निजामाच्या मुलखात सरकारी शाळेत मराठी शिकवायला आलेला. शाळेत बाकी सगळा कारभार उर्दूत. मराठीचा मास्तर म्हणजे लग्नातला लांबचा पाहुणा, त्याला कुणी विचारत नाही आणि घालवतही नाही. राहायला जागा शोधत अप्पांच्या दुकानाशी गेलो. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. पायांकडं बघितलं.

"वहाणा कुठल्या?"

"नगरच्या."

"उजवी टाच झिजलीय. उजव्या अंगावर भार टाकून चालता तुमी. ऱ्हावा माडीवर."

एवढ्यावर जागा मिळाली. भाडं किती, जात कोणती, किती दिवस राहणार, काही नाही. माणूस पायांवरून ओळखायचा ही त्यांची पद्धत. गिऱ्हाईक दुकानात आलं की मान वर न करता ते नाव घेऊन बोलत. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसावेत असा मला पुढं पुढं संशय यायला लागला.

लिंगायत माणूस, कडक. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडातून शब्द नाही. गिऱ्हाइकं ओट्यावर ताटकळत बसत. पूजा झाली की कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून गादीवर येत, आणि मग दिवसभर त्यांच्या तोंडी एकच शब्द. बघू. "अप्पा, गूळ हाय का?" "बघू." आणि गुळाची ढेप समोर. एकदा एक शेतकरी वैतागून म्हणाला, "बघू काय बघू? माशा बसल्यात की त्याच्यावर." अप्पांनी शांतपणे माशा हाकलल्या, ढेपेकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "हाय." माणूस खोटं बोलला तर बोलला, पण न बघता बोलणार नाही असा त्यांचा हिशेब. मला तेव्हा या शब्दाचं भारी हसू यायचं. आता येत नाही.

दुसरा चाळा पुड्यांच्या कागदाचा. बार्शीहून रद्दीचे गठ्ठे येत, त्यात मुंबईची जुनी वर्तमानपत्रं, इंग्रजी चित्रांची साप्ताहिकं. अप्पांना मोडी येई, बाळबोध अडखळत, इंग्रजीचा गंधही नाही. पण कागद कापण्याआधी प्रत्येक पान ते दोन्ही अंगांनी न्याहाळत. आणि मी राहायला गेलो त्यानंतर महिना-दीड महिन्यात त्यांनी नवीनच काढलं. पुडी देताना म्हणायचे, "कागद परत आणायचा." बायका चिडायच्या. "मीठ वतून कागद वाळवून आणू का आता?" अप्पा म्हणायचे, "आण की." आणि खरंच दोनचार जणी मिठानं ओले झालेले कागद आणून त्यांच्यापुढं आदळत. ते एकेक कागद मांडीवर पसरून बघत आणि मान हलवून बाजूला ठेवत. गाव म्हणायचं, अप्पाला पोराच्या पायी याड लागलंय.

पोराचं असं. एकुलता एक मुलगा, मल्लू. लग्न झालेलं, सून पार्वती घरात आलेली, सतराची असेल नसेल. मल्लूला मोमिनाबादेत स्वतःचं दुकान टाकायचं होतं. त्यानं बापाला विचारलं. बाप म्हणाला, "बघू." दोन वर्षं तो विचारत राहिला आणि बाप बघत राहिला. जर्मनची लढाई चालू होती. आष्टीवरून पलीकडं इंग्रजांच्या हद्दीत गेलं की बसऱ्याला न्यायला मजूर भरती करत होते. एका बाजारच्या दिवशी मल्लू गेला तो गेलाच. मुंबईहून एक कार्ड आलं, उद्या जहाजात बसणार म्हणून. त्यानंतर काही नाही. वर्षभरानं आष्टीकडचा एक माणूस परत आला, अप्पा त्याला गाठायला मांजरसुंब्यापर्यंत चालत गेले. तो म्हणाला, "त्यांचं जहाज फुटलं म्हनत्यात. कोन वाचलं, कोन न्हाई, मला ठावं न्हाई. मी दुसऱ्यात हुतो."

मल्लू जाताना जुन्या वहाणा घालून गेला होता. नव्या घरीच. अप्पा मला म्हणाले, "परत यायचं नसतं तर नव्या न्हेल्या नसत्या का?" मी म्हटलं, "खरंय." दुसरं काय म्हणणार.

मी माडीवर राहायला गेल्यावर महिन्याभरात रद्दीत त्यांना ते चित्र सापडलं. अर्धं पान, अप्पा जेवायला आत गेले असताना कुणीतरी पुडीसाठी कापलेलं. तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज, पोट फुगलेलं, मागचा भाग घराच्या माळवदासारखा उंच. मला हाक मारली. "मास्तर, हितं काय लिवलंय?"

मी अडखळत वाचलं. सांता मारिया नावाचं जहाज. चारशे वर्षांपूर्वी एक गोरा कप्तान हे घेऊन हिंदुस्थान शोधायला निघाला आणि भलत्याच मुलखाला लागला. तिथं एकदा जहाज वाळूत रुतलं आणि फुटलं. पण माणूस एकही बुडाला नाही.

"परत वाचा."

"माणूस एकही बुडाला नाही."

त्यांनी पान माझ्या हातातून घेतलं, त्या ओळीवर बोट ठेवायला लावलं. पुढं वाचायला सांगितलं. फुटक्या जहाजाच्या लाकडांचं लोकांनी किनाऱ्यावर घर बांधलं. त्यात एकोणचाळीस माणसं मागं ठेवून कप्तान दुसऱ्या जहाजातून आपल्या देशी गेला. पुढल्या वर्षी तो परत आला तेव्हा, आणि इथं पान कापलेलं.

"तवा काय?"

"कागद संपला, अप्पा."

"पर तो परत आला."

"आला."

अप्पा हसले. मी राहायला आल्यापासून पहिल्यांदा. आणि मी गप्प बसलो. नगरच्या शाळेत हा धडा मला होता. कप्तान परत आला तेव्हा त्याला काय दिसलं ते मला माहीत होतं. पण त्या माणसाचं तोंड बघून तुम्ही बोलला असता का? मी स्वतःला हेच विचारत आलोय, आणि दर वेळी मला सोयीचं उत्तर मिळत आलंय.

दुसऱ्या दिवसापासून जहाज सुरू झालं. राकेलचे डबे यायचे त्या खोक्यांच्या फळ्या, तासून कागदासारख्या पातळ केलेल्या. लांबी तीन हात. माप मल्लूच्या नव्या वहाणेचं. त्या पानात जहाजाची लांबी दिली होती; ती किती वहाणा भरेल हे अप्पांनी मला हिशेबानं काढायला लावलं, आणि एका वहाणेला एक बोट असं प्रमाण धरलं. वहाण घेऊन मापं काढताना एक म्हातारी ओट्यावरून ओरडली, "अप्पा, जित्या मानसाचं पाऊल मोजू नगं बाबा." त्या गावच्या लिंगायतांत मेलेल्याला पाय दुमडून बसवून माती देतात, आणि खड्डा त्याच्याच पावलांनी मोजून घेतात. अप्पा तिला म्हणाले, "हे जित्याचंच माप हाय." आणि पुन्हा मोजायला लागले.

दोर मोटेच्या नाड्यासारखे वळले, गाठीही मोटेच्याच. पुढं आलेल्या काठीला गाडीच्या धुरेसारखं वंगण लावलं. का, तर धुरा कुरकुरू नये. चित्रात जहाजाची एकच बाजू होती. दुसऱ्या बाजूला काय असतं हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. अप्पांनी विचार करून तिथं दार केलं. वीतभर उंच, बिजागरी लावलेलं, आतून कडी.

"अप्पा, जहाजाला परसदार नसतं."

"कावून?"

"पाणी शिरेल की."

"आन् आग लागली तर? रुतलं तर? मानसं निगायची कुटून? म्होरच्या दारानं सगळी येकदम? तुमचं घर हाय का बिगर परसदाराचं?"

मी मास्तर, मी हरलो. अप्पांनी त्या दाराला उंबराही बसवला.

मग माणसं केली. निंबाच्या काड्यांची, सुतळीच्या पायांची, एकोणचाळीस. सगळी उभी, जहाजाच्या वरच्या फळीवर ओळीनं. एकाच्या कमरेला तांबडा दोरा. तो कोण हे विचारायची गरज नव्हती. रोज दुकान उघडलं की अप्पा माणसं मोजायचे. एकोणचाळीस भरले की पूजेला बसायचे.

पार्वतीचं मी अजून नीट सांगितलं नाही. सांगणं जड जातं. ती दिवसभर आतल्या घरात, कधी कधी अप्पा जेवायला आत गेले की तागडीशी बसायची. तिचा भाऊ केजेहून आला. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो. लातूरकडचा एक बिजवर बघून ठेवला होता त्यानं, चांगला माणूस होता म्हणे. पण मल्लू गेला असं अप्पांनी तोंडानं म्हटल्याशिवाय पोरगी हलायची नाही. त्यांच्या जंगम स्वामींनीही तेच सांगितलं. बापानं म्हणावं, मग आम्ही पुढचं करू. भाऊ ओट्यावर बसून म्हणाला, "अप्पा, पोरीचं काय करता?"

अप्पा जहाजाच्या काठीला गाठ मारत होते. म्हणाले, "बघू."

त्या दिवशी दुपारी भाऊ झोपला होता आणि अप्पा शेताकडं गेले होते. मी पाणी न्यायला खाली आलो. पार्वती दाराआडून बोलली. त्याआधी ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

"मास्तर, त्या कागदात खरंच तसं लिवलंय का? कुनी मेलं न्हाई म्हनून?"

"लिहिलंय."

"मामंजी म्हनत्यात तो परत आला. त्या मानसांसाठी."

"आला."

"मग मी जाऊ का ऱ्हाऊ, ते सांगा तुमी. तुमी शिकल्यालं हाव."

आता बघा, खोटं मी एक अक्षर बोललो नव्हतो. आणि तेव्हाही बोललो नाही. म्हणालो, "थोडं थांबून बघा."

भाऊ संध्याकाळी एकटाच परत गेला. पार्वतीनं आपलं लग्नातलं हिरवं लुगडं काढलं, काठ सोडून मधलं कापड फाडलं आणि शिडं शिवायला घेतली. अप्पांनी मांजरपाट आणून ठेवला होता तो तसाच राहिला. पाच शिडं. आठ दिवस ती शिवत होती. असले टाके मी शिंप्याच्या हातचेही बघितले नाहीत. जहाजावर चढवल्यावर अप्पा किती वेळ त्याच्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "लई चांगलं झालं, पोरी." ती आत निघून गेली.

पावसाळा सरत आला. भाद्रपदात एक दिवस माझ्या लक्षात आलं की जहाजावर माणसं नाहीत. फळी रिकामी.

"अप्पा, लोक कुठं गेले?"

"उतरले."

"कुठं?"

"किनारा लागला, उतरले."

मला वाटलं, बरं झालं, म्हाताऱ्याच्या मनानं काहीतरी धरलं आणि सुटला. त्याच आठवड्यात त्यांनी पुडीचा कागद परत मागायचंही सोडलं. बायकांनी गमतीनं विचारलं, "अप्पा, आता कागद नगं का?" ते म्हणाले, "नगं." मला हायसं वाटलं. दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायची अक्कल मला नव्हती, आणि मी मास्तर म्हणवत होतो.

दसऱ्याला पार्वतीचा भाऊ पुन्हा आला. लातूरचा तो माणूस अजून थांबला होता. अप्पांनी त्याला सोनं दिलं, जेवू घातलं, आणि म्हणाले, "परत येनार हाय तो. मास्तरनं वाचल्यालं हाय." भावानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. हलवली म्हणजे काय केली, हो की नाही, ते मलाही नक्की सांगता येणार नाही. त्यानं हो धरलं. पुन्हा तो आला नाही.

पुढं माझी बदली बीडला झाली. निघताना अप्पा पुन्हा माझ्या पायांकडं बघत म्हणाले, "आता डाव्या अंगावर भार पडतोय तुमचा." मी हसलो. तेव्हाही हसलो.

नऊ वर्षांनी कळलं की अप्पा गेले. मी मांजरसुंब्यावरून खटाऱ्यानं गेलो तेव्हा माती देऊन चार दिवस झाले होते. दुकान उघडं होतं. गादीवर पार्वती बसलेली. सव्वीस-सत्तावीसची बाई, कानशिलाजवळ केस पांढरे झालेले. गिऱ्हाईक मीठ मागत होतं. ती म्हणाली, "बघू." मला बसावंसं वाटेना, पण बसलो.

गिऱ्हाईक गेल्यावर तिनं जहाज काढून माझ्यापुढं ठेवलं.

"घर सारवायला काढलं, तवा ह्ये खाली घ्यावं म्हनलं. उचलंना. इतकं जड कावून म्हनून वाकडं केलं तर मागच्या दारानं भस्म गळाया लागलं."

तिनं परसदार उघडलं. आतली कडी अप्पांनी काढून टाकली होती. जहाजाचं पोट भस्मानं भरलेलं. तिनं बोटानं थोडं बाजूला केलं. आत माणसं होती. सुतळीचे पाय दुमडून, नीट, एकाशेजारी एक बसवलेली. तांबड्या दोऱ्याचा सगळ्यात आत, भिंतीला टेकवून बसवलेला.

"मी मोजले. एकोनचाळीस. आन् वर ह्ये हुतं." तिनं घडी केलेला कागद माझ्यापुढं धरला. "वाचून दावा. मला येत न्हाई."

कागदावर मिठाचे डाग होते. त्या पानाचा उरलेला अर्धा भाग. माझं इंग्रजी तोवर चांगलं झालं होतं, अडखळायची सोय नव्हती. कप्तान परत आला तेव्हा किनाऱ्यावरचं घर जळून गेलेलं होतं. मागं राहिलेल्यांपैकी एकही जिवंत नव्हता. मी वाचलं, मराठीत सांगितलं. कडेला समासात अप्पांच्या हातची मोडी होती, उधारीच्या वहीत लिहीत तशी बारीक. कुणाकडून वाचून घेतलं होतं देव जाणे. तेही मी वाचलं. साल मी तिथं होतो तेच. भाद्रपद वद्य. कोणी राहिला नाही.

"भाद्रपद," पार्वती म्हणाली. "मंजी दसऱ्याच्या आदी."

"हो."

"दादा आला त्याच्या आदी."

"हो."

तिनं दार लावलं. मग माझ्याकडं बघून विचारलं, "आन् तुमाला, मास्तर? तुमाला कवा कळलं?"

नऊ वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर तयार करून ठेवलं होतं. म्हाताऱ्याचं मन मोडवेना, मला वाटलं नव्हतं एवढं होईल, मी परका माणूस.

"पहिल्या दिवसापासून," मी म्हणालो.

ती रडली नाही, रागावली नाही. रागावली असती तर मी तिचे पाय धरले असते.

"मामंजींचं कळतं मला," ती म्हणाली. "मी गेल्यावर घरात कोन हुतं त्यांना. तुमचं काय अडत हुतं?"

मी खाली बघितलं. माझ्या वहाणा दिसल्या.

"ह्ये आता मळ्यात न्यायचं, त्यांच्या शेजारी. जसं हाय तसं माती द्यायची," ती उठत म्हणाली. "स्वामी येत्याल उद्या. फकस्त शिडं तेवढी काढा. लुगडं माझं हाय."

तिनं सुई आणून माझ्या हातात दिली आणि ओट्यावर आलेल्या गिऱ्हाइकाला गूळ द्यायला वळली. मी पहिलं शीड मांडीवर घेतलं. हिरवा रंग पार विटला होता, कापड मात्र धड होतं. टाके इतके बारीक होते की सुईचं टोक कुठं घालावं ते दिसेना. दिवस कलेपर्यंत मी उसवत बसलो. एक शीडही निघालं नाही.